नुसत्या शंखावरून समुद्री गोगलगायींची नाती लावता येतात का?

वेलांटी

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज विचारूनच टाकते. गेली पाच-सहा वर्षं मी शंख-शिंपले गोळा करतेय, रिकामेच, जिवंत प्राण्याला हात लावत नाही. परवा सगळे डबे उपडे करून नव्याने लावायला बसले. आजवर मी दिसण्यावरून लावत आले, टोपीसारखे एका डब्यात, मळसूत्रासारखे लांबुडके दुसऱ्यात, भोवऱ्यासारखे तिसऱ्यात. यावेळी म्हटलं नीट ओळखून, चिठ्ठी लावून ठेवू. तर टोपीवाल्या डब्यातले चार शंख निघाले चार वेगळ्या घराण्यांतले! एक खरा लिंपेट, एक माथ्याला भोक असलेला फिशुरेला, एक आत छोटासा पडदा असलेला कॅलिप्ट्रिया आणि चौथा सायफोनेरिया, जो म्हणे हवेत श्वास घेतो आणि जमिनीवरच्या गोगलगायींचा जवळचा नातेवाईक आहे. चौघांची टोपी मात्र सारखीच.

आता माझा प्रश्न. प्राणी जिवंत असेल तर चिरून बघता येतं, डीएनए काढता येतो. जीवाश्मात उरतो फक्त शंख, आणि शंख जर असा फसवत असेल तर हे लोक ५० कोटी वर्षांची वंशावळ मांडतात ती कशाच्या जोरावर? मला खरंच समजून घ्यायचंय.

दर्यासारंग

मस्त धागा. वाचतोय.

प्रवाळ

थोडक्यात उत्तर: नाही लावता येत. टोपीचा आकार लाटांच्या माऱ्यात खडकाला चिकटून राहायला सोयीचा, म्हणून तो वेगवेगळ्या घराण्यांत पुन्हा पुन्हा तयार झाला. लांबुडक्या शंखांचंही तेच. टेरेब्रा, टरिटेला आणि टर्बोनिला शेजारी ठेवा, नवख्याला तिघी सख्ख्या बहिणी वाटतील, पण तिघींची घराणी वेगळी. रेण्वीय अभ्यास आल्यापासून आकारावर बांधलेली किती तरी जुनी नाती मोडीत निघाली. त्यामुळे माझं मत, आधी डीएनए, मग शरीररचना, आणि शंख सगळ्यात शेवटी.

खडकवेडा

प्रवाळ, इतकी घाई नको. आकार फसवतो हे कबूल, पण शंख म्हणजे नुसता आकार नाही हो.

वेलांटीताई, तुमच्या डब्यातला खरा लिंपेट आणि सायफोनेरिया दोन्ही उपडे करून आतून बघा. उजेड तिरपा पडू द्या. आत घोड्याच्या नालासारखा एक वण दिसेल, प्राण्याचा स्नायू शंखाला जिथे चिकटलेला असतो तो. लिंपेटमध्ये नालाचं उघडं तोंड डोक्याच्या बाजूला असतं. सायफोनेरियात उजव्या कुशीला एक पन्हळ असते, हवा-पाणी आतबाहेर करायला, आणि वण तिथे तुटतो. बाहेरून जुळे वाटणारे शंख आतून लगेच वेगळे ओळखू येतात. आणि हा वण नशीब चांगलं असेल तर जीवाश्मातही टिकतो.

दुसरं म्हणजे चीर. प्ल्युरोटोमेरिया घराण्याच्या शंखाला तोंडाच्या काठावर एक लांब चीर असते, कल्ल्यांवरून गेलेलं पाणी आणि घाण बाहेर टाकायला. शंख वाढतो तशी मागची चीर भरत जाते, पण भरलेल्या जागी एक पट्टा उमटतो आणि तो सगळ्या वेढ्यांवरून थेट टोकापर्यंत जातो. म्हणजे तोंड तुटलेला तुकडा हातात आला तरी पट्टा सांगतो की याला चीर होती. ही मंडळी आधी फक्त जीवाश्म म्हणून माहीत होती, नामशेष समजत होते. मग १८५० च्या दशकात वेस्ट इंडीजच्या समुद्रात यातलीच एक जात सापडली. पुढे चिरून पाहिलं तर चिरेच्या दोन बाजूंना दोन कल्ले, जोडीने. बहुतेक समुद्री गोगलगायींना एकच कल्ला उरलाय. म्हणून आता पुराजीव काळातल्या (साधारण ५४ ते २५ कोटी वर्षांपूर्वीच्या) शंखावर असा पट्टा दिसला की आतल्या कल्ल्यांबद्दल काहीतरी ठामपणे बोलता येतं.

निळाई

खडकवेडा +१. वणाचं उदाहरण फार आवडलं.

मी प्राणिशास्त्र शिकवते, म्हणून शरीररचनेची बाजू मांडते, कारण सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते. गोगलगायींच्या वर्गाला आपल्या पुस्तकांत उदरपाद म्हणतात. हा वर्ग ओळखायची खरी खूण शंख नाहीच, खूण आहे पीळ. अळी अवस्थेत कधीतरी धडाचा वरचा सगळा भाग डोकं आणि पाय यांच्या तुलनेत १८० अंशांत फिरतो. मागे असलेले कल्ले आणि गुदद्वार पुढे, डोक्याच्या वर येऊन बसतात. सरळ जाणाऱ्या दोन मज्जारज्जूंची इंग्रजी आठच्या आकड्यासारखी अढी पडते. शंखाची वेटोळी आणि हा पीळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, विद्यार्थी दरवर्षी इथेच गोंधळतात. लिंपेटचा शंख वेटोळा नाही, पण त्याच्या शरीराला पीळ आहे.

आता नात्यांचं. १९व्या शतकात मिल्न-एडवर्ड्स या प्राणिशास्त्रज्ञाने कल्ले कुठे आहेत त्यावरून तीन गट केले, कल्ले पुढे असलेले, मागे असलेले आणि फुप्फुसवाले. पुढे १९२९ च्या सुमारास थीलेने पहिल्या गटाचे तीन भाग पाडले, आर्किओ, मेसो आणि तिसरा, ज्याला पुढे निओ म्हणू लागले. आम्ही कॉलेजात हेच घोकलं. गडबड अशी की 'आर्किओ' म्हणजे ज्यांच्यात जुनाट लक्षणं उरली आहेत अशा सगळ्यांची मोट होती. जुनी वस्तू दोन घरांत जपून ठेवलेली असली म्हणून ती घरं भाऊबंदांची होत नाहीत. नातं ठरतं ते दोघांत मिळून नव्याने आलेल्या लक्षणावरून. १९८० च्या दशकात हास्प्रुनारने आणि १९९७ मध्ये पाँडर आणि लिंडबर्ग यांनी याच शिस्तीने शंभराहून जास्त लक्षणं तपासली आणि आज आपण वापरतो ती मुख्य घराणी बरीचशी त्यातून पक्की झाली: खरे लिंपेट, फिशुरेला आणि अॅबलोन (कडेला भोकांची रांग असलेला कानासारखा शंख) वाले व्हेटिगॅस्ट्रोपोडा, नेराइट नावाच्या गोलसर शंखांचे, केनोगॅस्ट्रोपोडा म्हणजे कवड्या, कोनशंख वगैरेंचं भलंमोठं कुटुंब, आणि हेटेरोब्रँकिया. पूर्वीचे 'कल्ले मागे' आणि 'फुप्फुसवाले' दोन्ही गट आता या शेवटच्या घराण्यात आहेत. प्रवाळ, हे सगळं मुख्यतः चिरफाड आणि सूक्ष्मदर्शकाच्या जिवावर झालं बरं का.

दर्यासारंग

एक मिनिट, गुदद्वार डोक्यावर?? म्हणजे न्हाणीघर थेट दिवाणखान्याच्या वर! याचा फायदा काय बिचाऱ्यांना?

निळाई

हाहा, हा प्रश्न शंभर वर्षं चाललाय! १९२० च्या दशकात गार्स्टँगने सुचवलं की फायदा अळीला होतो. पिळानंतर कवचाची पोकळी पुढे येते, संकट आलं की अळीला नाजूक डोकं आधी आत ओढता येतं. ऐकायला पटतं. पण १९८५ मध्ये पेनिंग्टन आणि चिया यांनी अॅबलोनच्या पीळ पडायच्या आधीच्या आणि नंतरच्या अळ्या वेगवेगळ्या भक्षकांपुढे ठेवून पाहिल्या, तर पीळ पडलेल्या अळ्या काही जास्त वाचल्या नाहीत. बाकीही कल्पना आहेत, पुढून ताजं पाणी कल्ल्यांवर येतं, पाण्याचा वास घेणारं इंद्रिय पुढे येतं अशा. एकावरही सगळ्यांचं एकमत नाही. घाणीचा प्रश्न मात्र या प्राण्यांना खरंच सोडवावा लागला. खडकवेडांनी सांगितलेली चीर, फिशुरेलाच्या माथ्याचं भोक, अॅबलोनच्या कडेची भोकांची रांग, हे सगळं त्यासाठीच.

मधुरा_क

फिशुरेलाबद्दल एक भर घालते. अगदी लहान पिल्लाचा शंख वेटोळा असतो आणि काठावर चीर असते. वाढताना चिरेचं तोंड बंद होतं, तिचं भोक बनतं आणि ते हळूहळू माथ्यावर सरकतं. वेलांटी, तुझ्या डब्यातल्या भोकवाल्या टोपीचं बालपण असं चिरेतून गेलंय. अगं, मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दिवसभर भेटेल त्याला सांगत होते.

प्रवाळ

निळाईताई, १९९७ च्या कामाबद्दल आदर आहेच. पण त्याच कामात खरे लिंपेट बाकी सगळ्या गोगलगायींच्या बाहेर, एकदम बुंध्याशी बसवले होते, कारण त्यांचे दात कायटनसारखे (कायटन म्हणजे पाठीवर आठ पट्ट्यांचं कवच असलेला, गोगलगायींच्या वर्गाबाहेरचा प्राणी). २०१९ मध्ये कुन्हा आणि जिरिबेत यांनी जनुकांचा मोठा साठा वापरून झाड मांडलं, तर लिंपेट व्हेटिगॅस्ट्रोपोडाच्या शेजारी येऊन बसले. म्हणजे दातांनी फसवलं. शरीररचनाही शंखासारखीच फसवू शकते, एवढंच माझं म्हणणं आहे.

अश्विनी_म

दात?? गोगलगायीला दात असतात?

मधुरा_क

असतात की! तोंडात कानशीसारखी एक पट्टी असते, रॅड्युला. तिच्यावर दातांच्या ओळीच्या ओळी. पुढचे झिजतात, मागून नवे येत राहतात. एका ओळीत किती आणि कसे दात यावरून घराणं ओळखता येतं. व्हेटिगॅस्ट्रोपोडात ओळीला ढीगभर बारीक दात, झाडूसारखे. केनोगॅस्ट्रोपोडात बऱ्याच जणांना मोजून सात. म्युरेक्ससारख्या शिकाऱ्यांना ओळीत तीनच, पण जबरदस्त. आणि कोनशंखाने तर कमाल केली, एकेक सुटा दात, पोकळ, गुंडाळून भाल्यासारखा केलेला, विष भरून मारायला. लिंपेटचे दात खडक खरवडतात, त्यात गोएथाइट नावाचं लोहखनिज असतं, आणि २०१५ मध्ये मोजलं तेव्हा आजवर मोजलेल्या जैविक पदार्थांत ते सगळ्यात मजबूत निघाले.

अश्विनी_म

बापरे. वाचनखूण साठवली. अवांतर विचारते, किनाऱ्यावर शिंपल्यांना एकदम गोल, सुबक भोकं पडलेली दिसतात, ओवून माळ करता येईल अशी. तीही यांचीच करणी का?

खडकवेडा

अवांतर अजिबात नाही, मुद्द्याचं आहे. ती भोकं बहुतेक वेळा दोन घराण्यांची. काठ तिरपा तासलेला, वर रुंद आणि खाली अरुंद असं वाडग्यासारखं भोक असेल तर नॅटिका. सरळ उभ्या भिंतीचं असेल तर म्युरेक्सच्या कुळातलं कोणीतरी. आम्लासारखा स्राव सोडून कवच मऊ करायचं, मग दातांनी खरवडायचं, असं आलटून पालटून तासन् तास चालतं. जीवाश्म शिंपल्यांवर अशी भोकं सापडतात तेव्हा शिकारी कोण होता, कुठल्या बाजूने भिडला, हे कळतं. खाणाऱ्याचा शंख सापडला नाही तरी त्याची सही सापडते.

याच धाग्यावर शंखांचे अभ्यासक गेरात व्हर्मे यांचं नाव यायलाच हवं. लहानपणीच दृष्टी गेली, सगळे शंख बोटांनी वाचतात. क्रिटेशस काळात (साधारण १४.५ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी) आणि त्याच्या आगेमागे समुद्रात कवच फोडणारे खेकडे-मासे वाढले आणि त्याला उत्तर म्हणून शंख जाड, काटेरी, चिंचोळ्या तोंडाचे होत गेले, हे १९७७ मध्ये त्यांनी मांडलं. डोळ्यांनी बघणाऱ्यांच्या नजरेतून निसटलेल्या गोष्टी त्यांच्या बोटांना लागल्या. हे वाचल्यापासून मी प्रत्येक शंख एकदा डोळे मिटून चाचपतो.

आप्पा_ब

प्रवाळ यांच्या बाजूने एक गोष्ट सांगतो, मग विरुद्ध बाजूने एक.

ज्युलिया आणि बर्थेलिनिया नावाचे छोटे दोन झडपांचे शिंपले होते. बर्थेलिनियाचं नाव तर १८७५ मध्ये पॅरिस परिसरातल्या इओसीन काळाच्या (साधारण ५.६ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वीच्या) जीवाश्मावरून ठेवलेलं. दोन झडपा म्हणजे कालव-तिसऱ्यांच्या वर्गात, यात शंका कोण घेणार? १९५९ मध्ये जपानमध्ये कॉलर्पा या हिरव्या शैवालावर कावागुती आणि बाबा यांना यातला प्राणी जिवंत सापडला. झडपांमधून बाहेर आली ती शिंगं आणि पाय असलेली चक्क गोगलगाय! म्हणजे शंख किती फसवू शकतो बघा.

आता विरुद्ध बाजू. त्याच शिंपल्याच्या डाव्या झडपेच्या टोकाला एक बारीकसा वेटोळा कण असतो, अळीपणातला शंख. शिंपल्याच्या वर्गात असा वेटोळा कण कधीच नसतो. पुरावा शंखावर पहिल्यापासून होता, कोणी टोकाकडे पाहिलं नव्हतं.

खडकवेडा

आप्पा, दंडवत! मला हेच म्हणायचं होतं. टोक, टोक आणि टोक.

शंख टोकाकडून तोंडाकडे वाढतो, त्यामुळे टोकाशी अळीचा शंख तसाच शाबूत राहतो. म्हणजे प्रत्येक शंख स्वतःचं बाळपण डोक्यावर घेऊन फिरतो. तिथे पुष्कळ बारीक वेढे असतील तर अळी समुद्रात तरंगत खात-पीत मोठी झाली, मोठा गोळा आणि एखाद-दीड वेढा असेल तर अंड्यातल्या बलकावर वाढली. आणि हेटेरोब्रँकिया घराण्यात तर अळीचा शंख उलट दिशेचा. अळी डाव्या वळणाची, मोठेपणी उजव्या वळणाची, आणि जिथे ही दिशा बदलते तिथे टोक कलंडलेलं दिसतं. कार्बोनिफेरस काळातल्या (साधारण ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या) शंखांवरही हे दिसतं. तेव्हाचा डीएनए कुणी काढून देणार नाही, प्रवाळ.

प्रवाळ

हे मान्य. आणि एक गोष्ट मीच सांगतो, जनुकांवरून नुसतं कोण कोणाच्या जवळ ते कळतं. फाटे कधी फुटले याची वर्षं लावायची तर जीवाश्माचीच खुंटी ठोकावी लागते. माझं पहिलं 'शंख सगळ्यात शेवटी' मी मागे घेतो.

पण बेलेरोफॉनचं काय? त्याचा निकाल तुमच्या शंखावरून लागला का?

खडकवेडा

नाही लागला, आणि म्हणूनच तो इतका जिवाला लागतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा पुराजीव काळातला शंख एकाच पातळीत गुंडाळलेला, दोन्ही बाजू अगदी सारख्या, मधोमध चीर. पर्मियनच्या अखेरचा महासंहार झाला, साधारण २५.२ कोटी वर्षांपूर्वी, त्यातून यांच्यातले थोडे वाचून ट्रायासिकच्या सुरुवातीपर्यंत पोचले आणि मग संपले. प्रश्न एकच, आतल्या प्राण्याला पीळ होता की नव्हता? असेल तर चीर डोक्यावर आणि ती गोगलगाय. नसेल तर चीर मागच्या बाजूला आणि तो वेगळ्याच वर्गातला. चीर पाहून काही म्हणतात पीळ होता, स्नायूंचे जोडीचे वण पाहून काही म्हणतात नव्हता. बहुधा सारख्या दिसणाऱ्या दोन-तीन वंशांना आपण एका नावाखाली कोंबलंय.

हे भांडण नुसतं पोकळ नाही, कारण असे वण पूर्वी खरे ठरलेत. टोपीसारख्या काही पुराजीव शंखांच्या आत वणांच्या बऱ्याच जोड्या होत्या, त्यावरून १९४० मध्येच त्यांना गोगलगायींतून वेगळं काढायची सूचना झाली होती. १९५२ मध्ये गॅलाथिया या डॅनिश खोल-समुद्र मोहिमेला पॅसिफिकमध्ये साडेतीन हजार मीटरहून जास्त खोलीवरून निओपिलिना जिवंत मिळाला, डेव्होनियननंतर (साधारण ३६ कोटी वर्षांपासून) ज्यांचा मागमूस नाही असं वाटत होतं त्या गटातला. त्याचे स्नायू जोड्याजोड्यांनीच होते आणि पीळ नव्हता.

दर्यासारंग

जीवाश्मात मऊ शरीर कधीच मिळत नाही का?

आप्पा_ब

क्वचित मिळतं. इंग्लंडमधल्या हेरफर्डशायरच्या सुमारे ४२.५ कोटी वर्षांच्या राखेच्या थरात प्लॅटिसेरासच्या कुळातली एक गोगलगाय मऊ शरीरासकट सापडली, २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. हे कूळ म्हणजे समुद्रलिलीच्या गुदद्वारावर ठाण मांडून तिची विष्ठा खाणारं, तसे बसलेलेच जीवाश्म मिळालेत. पण हेरफर्डशायरचे जीवाश्म बघायची पद्धत मन हेलावणारी आहे. दगड एकेक पातळ थर घासत जायचा, प्रत्येक थराचा फोटो काढायचा, शेवटी संगणकावर प्राणी उभा राहतो आणि मूळ जीवाश्माची भुकटी झालेली असते.

मधुरा_क

मला हे पचत नाही. एकुलता एक नमुना घासून संपवायचा? उद्या आणखी चांगलं यंत्र आलं तर?

निळाई

मधुरा, तुझी हळहळ कळते, पण तिथे जीवाश्म आणि भोवतीचा दगड यांत इतका कमी फरक आहे की क्ष-किरणांना तो नीट दिसत नाही. न घासता ठेवला तर तो एक गोटाच राहील. मी घासलाच असता.

जाता जाता फसवणुकीचं आणखी एक उदाहरण. हिंदी महासागराच्या तळाशी, उष्ण झऱ्यांपाशी २००१ मध्ये खवले असलेल्या पायाची गोगलगाय सापडली, खवल्यांवर लोहाच्या सल्फाइडचा थर. खवले बघून प्राचीन कवचधारी मृदुकायांची आठवण झाली नसती तरच नवल. पण तिचं घराणं तपासलं तर ती गोगलगायींच्या झाडात चांगली आत बसते, तिच्या जवळच्या नातेवाइकांना असे खवले नाहीत. म्हणजे खवले नव्याने आलेले. जुनाट दिसणारं सगळं जुनं नसतं.

वेलांटी

तुम्ही सगळ्यांनी इतकं भरभरून लिहिलंत, खरंच मनापासून आभार. आज दुपारी सगळं करून बघितलं, ते सांगते.

आधी टोप्या. सायफोनेरिया खिडकीशी तिरपा धरला आणि उजव्या कुशीला वण तुटलेला स्पष्ट दिसला. पाच वर्षं तो शंख माझ्याकडे आहे आणि मी तो आतून कधी पाहिलाच नव्हता!

मग मळसूत्रांचा डबा. त्यात वाळूतून वेचलेला एक पांढरा शंख आहे, तांदळाच्या दाण्याहून लहान, उभ्या रेघा, मी त्याला टरिटेलाचं पिल्लू म्हणून ठेवलं होतं. दहापटीचं भिंग लावलं. वेढे सरळ वर चढत जातात, आणि एकदम टोकाला, शेवटचा काचेसारखा गुळगुळीत कण आडवा पडलाय, जणू कुणी शिखरावर छोटीशी गोगलगाय कुशीवर निजवली आहे. मी दोनदा फिरवून बघितला, भिंग पुसून बघितला. आडवाच. खडकवेडा, हा टर्बोनिलाच ना?

खडकवेडा

अभिनंदन! वर्णनावरून टर्बोनिला किंवा त्याच्या अगदी जवळचा कोणीतरी, पिरॅमिडेला कुळातला. जातीपर्यंत फोटोशिवाय जाणार नाही, पण टरिटेलाचं पिल्लू नक्की नाही, त्याचं टोक आडवं नसतं. तुमचा दाणा हेटेरोब्रँक आहे. हे कूळ परजीवी, दातांची पट्टी गेली, त्याऐवजी सुई, समुद्री कृमी आणि शिंपल्यांच्या अंगात खुपसून रस शोषतात. पूर्वी यांना युलिमाच्या शेजारी बसवत, कारण तीही परजीवी आणि तिच्यातही पुष्कळांना दात नाहीत. दोघांनी एकच वस्तू हरवली म्हणून नातं जोडलं होतं, निळाईताईंनी सांगितलेली चूकच. युलिमाचं टोक सरळ असतं.

शंख ब्रशने घासू नका, टोकं मोडतील. मऊ कुंचला आणि पाणी पुरे.

प्रवाळ

वेलांटी, टोकाचा फोटो टाका ना इथे, भिंगावर मोबाइल टेकवून येतो बऱ्यापैकी. आणि कुठल्या घराण्याचं टोक कसं याचा वेगळा धागा काढू या का? मी नेराइटचे फोटो देतो.

निळाई

वेगळ्या धाग्याला +१. मी अॅक्टिऑन नावाच्या छोट्या समुद्री गोगलगायीचा फोटो आणते. आडवं टोक आहे, पण मज्जारज्जूंची आठच्या आकड्याची अढी अजून शाबूत, हेटेरोब्रँकांत फार मोलाचा प्राणी.

वेलांटी

फोटो उद्या टाकते, आज उजेड गेला. बाकीची मळसूत्रंही एकेक करून बघितली, एकतीस होती. नऊ सरळ टोकाची, दोन आडव्या. उरलेल्या वीस जणांची टोकं झिजलेली नाहीतर तुटलेली, त्यांचा वेगळा डबा केलाय आणि चिठ्ठीवर नाव रिकामं ठेवलंय.